जकात लिहिणारे गृहस्थ

वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून पाहत. कप, बशी, टेबलावरचे घड्याळ, कॅल्क्युलेटर, कुणाच्या मुलाचे खेळणे, काहीही. कुठे बनली ते तळाशी लिहिलेले असते. ते वाचून झाले की वस्तू जागेवर ठेवत आणि ज्याची असेल त्याच्याकडे पाहत. त्या पाहण्याचा अर्थ आमच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होता: पावती आहे का?

आमचे वर्तमानपत्र पुण्यातले, मराठी. ते व्यापार-पानाचे उपसंपादक होते. मला त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसवले गेले आणि पुढची अकरा वर्षे ती खुर्ची माझी राहिली. आता ते नाहीत. खाली लिहिलेले बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहिले आहे.

बिबवेवाडीला आमच्या घरी ते एकदाच आले. पत्नीने चहा दिला. त्यांनी कप उचलला, वर धरला, खाली वाचले. मग बशी उलटी केली. पत्नी म्हणाली, "अहो, चहा वरच्या बाजूला आहे." ते म्हणाले, "ते दिसतंय. हा सेट कुठला?" पत्नीने सांगितले, लग्नात आहेर आला. "कुणाकडून?" "मावशींकडून." "मावशी कुठे असतात?" "दुबईला होत्या." "वाटलंच," असे म्हणून त्यांनी चहा घेतला. ते गेल्यावर पत्नी मला म्हणाली, "यांना पुन्हा बोलवायचं असेल तर द्रोण आणून ठेवा."

हे सगळे समजून घ्यायचे तर तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. परदेशी वस्तूवर तिच्या किमतीपेक्षा जास्त कर लागत असे. शंभराची वस्तू बंदरातून बाहेर येईपर्यंत दोनशेच्या पुढे जाई. त्यामुळे घरात परदेशी कॅमेरा दिसला की तीनच शक्यता असत: नातेवाइकाने आणला, चोरून आणला किंवा कर भरून आणला. तिसऱ्या शक्यतेवर त्यांचा विश्वास नव्हता. "कर भरून कॅमेरा घेणारा माणूस मला दाखवा," ते म्हणत, "मी त्याचाच फोटो छापतो."

पण कर जास्त आहे ही त्यांची तक्रार नव्हती. कमी करावा, अशीही त्यांची मागणी नव्हती. त्यांचा संशय निराळ्या ठिकाणी होता. दर भाषणासाठी असतो आणि सवलत माणसासाठी असते, असे त्यांचे मत होते. अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळी कचेरी भाषणाच्या मागे असायची. हे मात्र नंतर येणाऱ्या राजपत्रातल्या अधिसूचनांची वाट पाहत. त्या बारीक टायपातल्या असत. अमुक यंत्राला करमाफी. मात्र त्याची रुंदी इतक्यापेक्षा जास्त नसावी, इतक्यापेक्षा कमी नसावी, ते अमुक कामासाठीच असावे. हे वाचून झाले की ते पेन्सिल खाली ठेवत आणि मोठ्याने विचारत, "माप कुणाचं?"

म्हणजे हे कापड कुणाच्या अंगावर बेतले आहे. देशात त्या रुंदीचे यंत्र मागवणारा कारखाना किती जणांचा असेल? बहुधा एकाचा. तो कोण, हे शोधणे हा त्यांचा छंद होता. भोसरी, पिंपरी, हडपसर इथल्या कारखान्यांतल्या फोरमनांना ते फोन करत. एकदा त्यांना तो कारखाना सापडला. त्यांनी बातमी लिहिली. ती छापली गेली नाही. कारण सांगितले गेले नाही. पंधरा दिवसांनी त्याच कारखान्याची पानभर जाहिरात आली. त्यांनी ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवले. वृत्तसंपादक टेबलापाशी आले की ते काचेवरचे कागद बाजूला सारत.

उलट्या बाजूवरही त्यांचा तेवढाच संशय होता. एखादा कारखानदार सभेत स्वदेशीवर बोलला आणि परदेशी मालावर कर वाढवा म्हणाला, की ते वार्ताहराला विचारत, "हे काय बनवतात?" पंखे, असे उत्तर आले की म्हणत, "मग पंख्याची स्वदेशी म्हणाले का नुसती स्वदेशी?" एकदा एका तरुण वार्ताहराने वैतागून विचारले, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" ते म्हणाले, "पावतीच्या."

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर जी चौकट असते, काय स्वस्त आणि काय महाग, ती तेच करत. त्या चौकटीच्या मथळ्याशीही त्यांचे पटत नसे. "स्वस्त होणार" हे आपण कुणाच्या भरवशावर लिहितो, असे ते दर वर्षी विचारत. मग महिन्याभराने ते चौकटीचे कात्रण घेऊन बाजारात जात. मी दोनदा सोबत गेलो. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका घड्याळाच्या दुकानात त्यांनी कात्रण काउंटरवर ठेवले.

"हे घड्याळ महिन्यापूर्वी स्वस्त झालंय," ते म्हणाले.

दुकानदाराने कात्रण वाचले. "हा जुना माल आहे."

"आणि महाग झाला असता तर?"

"तर नवा असता."

ते समाधानाने हसले. दुकानदार म्हणाला, "आपल्याला घड्याळ हवंय का बातमी?" ते म्हणाले, "बातमी मिळाली." बाहेर पडल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतले. त्या वहीत वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या दुकानांत, महाग झालेला माल नेहमी नवा आणि स्वस्त झालेला नेहमी जुना होता.

त्यांच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होते. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. घरात मुलांची उंची चौकटीवर नोंदवतात तशा. ती उंची परदेशी कॅमेऱ्यावरच्या कराची होती. प्रत्येक अर्थसंकल्पानंतर एक रेघ. सुरुवातीच्या रेघा दाराच्या वरच्या बिजागरीपाशी होत्या. नव्वदीच्या सुरुवातीपासून त्या खाली यायला लागल्या, मुठीपाशी आल्या, मग मुठीच्या खाली. नवीन आलेली मुले विचारत, हे काय. ते सांगत, "हे उलटं वाढणारं मूल आहे." कर उतरत असताना ते खूश होते असे मात्र नाही. रेघ मारून झाली की दोन बोटे खाली पाहत आणि म्हणत, "एवढ्या घाईनं खाली का येतंय?"

ते निवृत्त झाल्यावर कचेरीचे स्थलांतर झाले आणि ते कपाट गेले. पुष्कळ वर्षांनी, काही वस्तूंवरचे कर पुन्हा वाढू लागले तेव्हा त्यांचा फोन आला. ते तेव्हा खराडीला मुलीकडे राहत होते.

"चढायला लागलंय. वाचलंत?"

"वाचलं."

"उपकर, अधिभार, नावं वेगळी आहेत. उंची तीच. माझं कपाट कुठाय?"

"भंगारात गेलं."

"कुणी दिलं?"

"कचेरीनं."

"कुणाला दिलं?"

मला ठाऊक नव्हते. "म्हणजे तेही कुणाच्या तरी मापाचं निघालं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता त्यांच्या शब्दाविषयी. या कराला ते जकात म्हणत. सरकारी मराठीत सीमाशुल्क हा शब्द रूढ झाला होता, इतर वर्तमानपत्रे आयात शुल्क लिहीत. ते आयात जकात लिहीत. जुने लोक लिहीत असत हे खरे. पण त्यांचे कारण वेगळे होते. "शुल्क शाळेत भरतात," ते म्हणत. "पावती मिळते, मूल शिकतं. जकात म्हटलं की कुणीतरी रस्त्यात बांबू आडवा टाकून उभा आहे हे दिसतं. वाचकाला ते दिसलं पाहिजे." वृत्तसंपादकांनी दोनदा लेखी सूचना दिली. त्यांनी दोन्ही सूचना नीट घडी करून ठेवल्या आणि जकातच लिहीत राहिले. मग एका वर्षी त्यांनी तो शब्द आपणहून सोडला.

तो प्रसंग असा.

फेब्रुवारीअखेरच्या अर्थसंकल्पात खजुरावरचा आयात कर माफ झाला. त्या वर्षी आठवड्याभरात रोजे सुरू व्हायचे होते. आमच्या चौकटीत ती एक ओळ आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी महापालिका पाहणाऱ्या वार्ताहराने छोटी बातमी आणली. मुंबईहून खजूर घेऊन येणारा ट्रक जकात नाक्यावर न थांबता पुढे आला, भरारी पथकाने तो पकडला, माल मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचा आहे.

तेव्हा पुण्यात माल आणायचा तर शहराच्या वेशीवर महापालिकेची जकात भरावी लागे. हा कर वेगळा, बंदरातला केंद्र सरकारचा कर वेगळा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

त्यांनी बातमी वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. "तिसऱ्या दिवशी ट्रक पुण्यात. म्हणजे माल आधीच मागवून ठेवलेला. माफी येणार हे याला आधी कळलं होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "उठा. माप सापडलं."

आम्ही बसने मार्केट यार्डात गेलो. भुसार विभागात बागवान नावाच्या त्या व्यापाऱ्याचा गाळा होता. पंचेचाळिशीचा माणूस, पांढरा सदरा, समोर खजुराची चार पिंपे. बाजूला गादीवर एक लोड आणि एक रिकामी जागा.

"बागवान आपणच?"

"मीच. काय देऊ?"

"माहिती."

"ती किलोवर नाही मिळत, साहेब."

"माफीचं तुम्हाला आधी कुणी सांगितलं?"

"कसली माफी?"

"जकातीची."

बागवानांनी गादीखाली हात घातला, एक अंक काढला आणि पान उघडून आमच्यापुढे धरले. "यांनी सांगितलं," बागवान म्हणाले.

चौकटीतली चौथी ओळ होती: खजूर, जकात माफ. त्यांनी अंक हातात घेतला, शेवटचे पान उलटले आणि तळाची छपाईची ओळ वाचली. अंक आमचाच होता.

"दर वर्षी रोज्याच्या आधी माल येतोच," बागवान म्हणाले. "ट्रक मुंबईत भरलेलाच होता. मी ड्रायव्हरला फोनवर सांगितलं, जकात माफ झाली, नाक्यावर रांगेत उभा राहू नको. वाटेत त्यानंही हाच पेपर घेतला. कात्रण काचेला लावून आला बिचारा. पथकवाल्यानं विचारलं तर कात्रण दाखवलं. तो म्हणाला, हे दिल्लीचं आहे. ड्रायव्हर म्हणाला, दिल्ली पुण्याच्या वर असते ना?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दंड किती?"

"आहे पुष्कळ. तो भरतो मी. पण कागदावर लिहिलंय, जकात चुकवली. ते कशानं भरू?" बागवानांनी रिकाम्या जागेकडे पाहिले. "अब्बा बसतात तिथं. कालपासून येत नाहीत. पलीकडच्या गाळ्यावरून कुणीतरी ओरडलं, जकातचोर. तो नाक्याचं बोलत होता, त्याची काय चूक? पण अब्बांनी त्यांच्या जकातीचं ऐकलं."

मग बागवानांनी समजावून सांगितले. त्यांच्यात जकात म्हणजे वर्षाच्या कमाईतून गरिबांसाठी काढायचा हिस्सा. त्यांचे वडील गेली कित्येक वर्षे आपला हिस्सा तर काढतच, पण मोहल्ल्यातले लोकही आपापला हिस्सा विश्वासाने त्यांच्याकडे आणून देत, आणि ते तो ईदेच्या आत विधवा, आजारी, शिकणारी मुले यांच्यापर्यंत पोहोचवत. "आता म्हणतात, जकातचोराच्या बापाकडे कुणी का देईल? खोलीतून बाहेर येत नाहीत. रोजे तोंडावर आलेत."

महापालिकेच्या अधिकाऱ्याने एक मार्ग सांगितला होता. बातमीमुळे गैरसमज झाला असे वर्तमानपत्राने लिहून द्यावे. मग साधी जकात भरून माल सुटेल आणि 'चुकवली' हा शब्द काढता येईल.

"लिहून द्याल?" बागवानांनी विचारले.

ते म्हणाले, "बघतो."

परतताना बसमध्ये ते माझ्याकडे वळले. "कात्रण काचेला कोण लावतं?"

"ड्रायव्हर."

"ज्याला ठाऊक असतं की आपण पकडले जाणार, तो लावतो. आणि हा माणूस आयुष्यभर नाक्यावर जकात भरतोय. याला एका चौकटीनं फसवलं?"

"आनंदाच्या भरात नीट वाचलं नसेल," मी म्हणालो.

"आनंदाच्या भरात? मार्केट यार्डात?"

त्यांनी तोवर कुणासाठीही सही केली नव्हती. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले नाहीत. एकाच्या नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून गेले आणि सहीच्या वेळी म्हणाले, दोघांची एकमेकांना संमती आहे हे मी कसे सांगू, मी आत्ताच आलो. सख्ख्या पुतण्याच्या पासपोर्टच्या अर्जावर 'मी यांना ओळखतो' असे लिहायचे होते. त्यांनी 'चेहऱ्याने' हा शब्द मध्ये घातला आणि अर्ज परत आला. हे शेवटचे ऐकीव आहे, पण पुतण्याकडूनच ऐकलेले आहे.

कचेरीत आल्यावर त्यांनी मूळ प्रतींचा गठ्ठा काढला. त्यांच्या अक्षरात ओळ होती: खजूर, आयात जकात माफ. 'आयात' वर पेन्सिलीने काट मारली होती.

"ही काट कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. "एका स्तंभाची चौकट होती. ओळ बसत नव्हती."

मी बोलणी खाण्याची तयारी केली. ते मात्र खिडकीपाशी गेले. मी म्हणालो, पत्रावर माझे नाव असू द्या. ते खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "आयात ठेवलं असतंत तरी त्यानं तेच वाचलं असतं. आयात म्हणजे काय? आत आणणं. नाक्यावरूनही आतच आणतात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "काट तुमची. शब्द माझा."

पुढच्या दोन सकाळी ते मार्केट यार्डाच्या फाटकावर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न: जकात म्हणजे काय? उत्तरे शब्दशः वहीत. एक हमाल म्हणाला, "नाक्यावं देत्यात ती. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?" एक टेंपोवाला म्हणाला, "झोपमोड." कॉलेजातला मुलगा म्हणाला, "ऑक्ट्रॉय ना? काका, सर्व्हे आहे का काही?" बँकेतला कारकून, कांद्याचा आडत्या, हवालदार, चहावाला, सगळे नाक्यावरच गेले. फक्त एकाने बंदरातला कर सांगितला. चौकशीअंती तो माल सोडवून देणारा दलाल निघाला, मुंबईचा. त्यांनी ते उत्तर खोडले. "इथला नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भवानी पेठेत बागवानांच्या घरी गेले. मी सोबत होतो. म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात तसबीची माळ. यांनी स्वतःचे नाव सांगितले, वर्तमानपत्राचे सांगितले आणि वही उघडली.

"चाचा, जकात म्हणजे काय?"

म्हातारे म्हणाले, "तुम्ही लिहिता ती, का आम्ही देतो ती?"

"आपण देता ती."

"जिच्यासाठी कुणी नाका लावत नाही ती."

त्यांनी ते लिहून घेतले. मला वाटले, आणखी काही विचारतील. मुलाविषयी विचारतील. त्यांनी वही मिटली, म्हाताऱ्यांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

वृत्तसंपादकांनी पत्राला नकार दिला. "पेपर अशी चूक कबूल करत नाही."

"पेपर करत नाहीये. मी करतोय."

"कचेरीचा कागद वापरायचा नाही."

"घरचा वापरतो."

पत्र त्यांनी साध्या कागदावर लिहिले. माल बंदरात उतरताना लागणाऱ्या केंद्राच्या कराला मी जकात म्हटले. पुण्यात या शब्दाचा तो अर्थ सामान्य माणूस घेत नाही, याची मी चौकशी करून खात्री केली आहे. श्री. बागवान यांनी जे छापले तेच वाचले. चुकीचा शब्द वापरल्याची जबाबदारी माझी आहे. एवढेच. बागवानांच्या मनात काय होते याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. मी ते लक्षात आणून दिले. "जे तपासता आलं ते लिहिलंय," ते म्हणाले.

महापालिकेतल्या अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचले. बागवान भिंतीशी उभे होते.

"हे चांगलं आहे," अधिकारी म्हणाला. "पण माझ्या कामाचं नाही. शब्द चुकला हे तुम्ही सांगताय. यांनी मुद्दाम केलं नाही, हे कोण सांगतंय?"

"ते यांना विचारा."

"यांनी सांगितलंय. यांचं सांगणं चालत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. 'सद्हेतूने' एवढा एक शब्द घाला. तो असला की फाइल मिटते. नसला तर दंड आहे आणि शेरा आहे."

त्यांनी पत्र परत घेतले, उलटे केले. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटे केले. मग बागवानांकडे पाहिले. ते पाहणे मी ओळखत होतो, कप उलटा करून झाल्यावर पाहत तसलेच ते होते. बागवानांनी नजर खाली घेतली नाही, वरही नेली नाही. ते समोरच्या टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत होते.

त्यांनी खिशातून पेन काढले. 'तेच' आणि 'वाचले' यांच्यामध्ये बाणाची खूण केली, वर 'सद्हेतूने' लिहिले, दुरुस्तीपाशी एक आणि खाली एक अशा दोन सह्या केल्या. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

बाहेर व्हरांड्यात बागवान त्यांचे हात धरायला पुढे झाले. त्यांनी हात दिले नाहीत. "माल सोडवा आधी," म्हणाले.

चार दिवसांनी बागवान कचेरीत आले. खजुराचा लहान डबा घेऊन आले होते. यांनी डब्याला हात लावला नाही.

"हे न्या परत."

"साहेब, रोज्यातलं आहे. परत नेत नाहीत."

"मग त्या टेबलावर ठेवा, सगळे खातील. एक विचारू?"

माझी पेन्सिल थांबली. हा प्रश्न मी चार दिवस ऐकत होतो. बसमधून कचेरीत येताना, जेवताना, कात्रण काचेला लावून कोण फिरतं, मार्केट यार्डात मुरलेल्या माणसाला एका चौकटीनं फसवलं का. तो प्रश्न त्यांचाच होता, पण मलाही तो सोडत नव्हता.

"वडील दुकानात बसायला लागले का?" त्यांनी विचारले.

"कालपासून. लोक येतायत त्यांच्याकडे."

"बरं."

त्यांनी टपालातला कागद पुढे ओढला. बागवान सलाम करून निघाले. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. खाली उतरलो. ते स्कूटरला किक मारण्याच्या बेतात होते. मी विचारले, "बागवानशेठ, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? नाक्याची वेगळी आणि बंदरातली वेगळी?"

त्यांनी किकवरचा पाय खाली घेतला. "तुम्ही त्यांच्याच समोर बसता ना? त्यांनी नाही विचारलं."

"म्हणून मी विचारतोय."

त्यांनी सांगितले. दोन वाक्यांत सांगितले, आवाज न चढवता, आणि गेले.

मी वर आलो. ते राजपत्रातली एक लांबलचक अधिसूचना वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"विचारून आलात."

"हो."

मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला सुरुवात करणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला. त्या हातात पेन्सिल होती.

"सांगू नका," ते म्हणाले. "सही माझी आहे त्यावर."

बागवानांची ती दोन वाक्ये मी त्यांना कधीच सांगितली नाहीत. आता ते नाहीत, पण सही महापालिकेच्या फाइलमध्ये अजून असेल. म्हणून ती वाक्ये इथेही लिहीत नाही.